पंचेचाळीसचा अ‍ॅडाप्टर

जेल रोडवरच्या पहिल्या दुकानात मी विचारलं, "भैया, पैंतालीस का अडॉप्टर मिलेगा?" मुलाने मोबाइलमधून मान वर न काढता उलट विचारलं, "पैंतालीस वॉट? लॅपटॉप कौन सा है, आंटी?" दुसऱ्या दुकानात बारा व्होल्टचा चार्जर समोर आला. तिसऱ्या दुकानातल्या पांढऱ्या मिशांच्या काकांना मात्र बरोब्बर कळलं. "वो बड़े छेद वाली रेकॉर्ड?" म्हणून ते हसले आणि म्हणाले, कित्येक वर्षांत कुणी हे मागितलं नाही, आणि आमच्याकडे तेव्हाही नव्हतं.

मला हवी होती ती मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, मोठ्या भोकाच्या रेकॉर्डसाठीची चकती, जी टर्नटेबलच्या बारीक खुंटीवर बसून ते भोक भरून काढते. म्हणून पहिली सूचना हीच. बाजारात जाताना तोंडाने अ‍ॅडाप्टर मागू नका, पिशवीत एक रेकॉर्ड ठेवा आणि ती दाखवा.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे घरात दोन व्हर्नियर कॅलिपर आहेत आणि मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही खोड आहे. रेकॉर्ड लहानपणापासून ऐकतेय, पण मोठ्या भोकाची रेकॉर्ड गेल्या वर्षी पहिल्यांदा हातात आली. माझे धाकटे काका तरुणपणीच शिकागोला गेले ते तिकडचेच झाले. त्यांच्या पश्चात चुलत भावाने एक खोकं इकडे पाठवलं. त्यात त्रेसष्ट छोट्या रेकॉर्ड आणि काकांचा जुना रेकॉर्ड प्लेयर. पहिलीच रेकॉर्ड माझ्या टर्नटेबलवर ठेवली तर ती मधल्या खुंटीभोवती सैल बांगडीसारखी फिरायला लागली.

तुमच्याकडेही असं खोकं आलं असेल तर आधी बघा, अ‍ॅडाप्टर मुळात लागतोय का. सात इंची रेकॉर्ड म्हटली की अ‍ॅडाप्टर हवाच, असं नाही. बाबांच्या एचएमव्ही, ओडियन आणि पॉलिडोरच्या देशी ईपी सगळ्या लहान भोकाच्या आहेत, मोठ्या एलपीसारख्याच थेट खुंटीत बसतात. विलायती रेकॉर्डमध्ये एक मजेशीर प्रकार असतो. भोक लहानच, पण त्याभोवतीचा गोल भाग तीन-चार नाजूक दांड्यांवर तोललेला. दांड्या मोडल्या की तो गोल निघून येतो आणि भोक मोठं होतं, मग रेकॉर्ड ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायच्या यंत्रात, घालता येते. तो गोल शाबूत असेल तर हात लावू नका. भाच्याने "मावशी, हे काय आहे?" म्हणत एकीचा गोल अंगठ्याने दाबून पाडलाच. आता तिलाही अ‍ॅडाप्टर लागतो.

अमेरिकन रेकॉर्डना मात्र जन्मापासूनच मोठं भोक. कोलंबियाने १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली, तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टरने १९४९ साली ही ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड काढली. त्यांच्या प्लेयरची खुंटी चांगली जाडजूड होती आणि एकावर एक रचलेल्या रेकॉर्डमधून एकेक खाली सोडणारी यंत्रणा त्या खुंटीच्या पोटातच होती. भोक मोठं ठेवलं ते त्या खुंटीसाठी. पुढे ते प्लेयर गेले, खुंट्या बारीक झाल्या, भोक मात्र राहिलं. (सुरुवातीच्या रेकॉर्डना संगीताच्या प्रकाराप्रमाणे रंग दिले होते, शास्त्रीयला लाल, कंट्रीला हिरवा. काकांच्या खोक्यात एकही रंगीत निघाली नाही, सगळा काळा माल.)

आता मापं, कारण सगळी गंमत इथेच आहे. मी काकांच्या दहा रेकॉर्ड व्हर्नियरने मोजल्या. भोक ३८.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दीड इंचाहून केसभर जास्त. माझ्या टर्नटेबलची खुंटी ७.१, लहान भोक ७.२ ते ७.३. म्हणजे चांगल्या अ‍ॅडाप्टरचा बाहेरचा व्यास ३८ ते ३८.१ हवा, आतलं भोक ७.२ हवं, आणि दोन्ही वर्तुळांचा मध्य एकच हवा. ही तिसरी गोष्ट विकणारे कधीच लिहीत नाहीत. वर्णनात "प्रीमियम" असतं, "सॉलिड" असतं, व्यास नसतो.

माझा पहिला अ‍ॅडाप्टर असाच ऑनलाइन मागवलेला. दिसायला झकास, चकचकीत घुमट, घरात त्याला लाडू असंच नाव पडलं. मोजला तर बाहेरून ३७.१. म्हणजे रेकॉर्ड प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू शकते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हिशोब करा. सुई मध्यापासून ६० मिलिमीटरवर असताना रेकॉर्ड अर्धा मिलिमीटर सरकलेली असेल, तर प्रत्येक फेरीत सूर जवळपास पाऊण टक्क्याहून थोडा जास्त चढतो आणि तेवढाच उतरतो. वरपासून खालपर्यंत धरलं तर साधारण अर्धी श्रुती. फेरी सव्वा सेकंदाहून जरा जास्त वेळाची, म्हणजे हे हेलकावे अगदी झोपाळ्याच्या लयीत येतात. ड्रमवाल्या गाण्यात ते कळणारही नाहीत. पियानोचा एकच स्वर लांबला, किंवा गाणाऱ्या बाईने आ लावून धरला, की तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला लगेच मळमळतं. जसजशी सुई आत जाते तसा दोष वाढतो, म्हणून गाण्याचा शेवट जास्त हलतो.

डोळ्यांनी तपासायचं तर आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाकडे बघा. ते हळूहळू आत सरकत जायला हवं. आत-बाहेर, आत-बाहेर झुलत असेल तर रेकॉर्ड मध्यावर नाही.

विकत घ्यायचेच असतील तर मुख्य प्रकार दोन. एक लाडू किंवा चपटा ठोकळा, जो आधी खुंटीवर ठेवायचा आणि त्यावरून रेकॉर्ड सोडायची. दुसरी प्लॅस्टिकची भिंगरी, बहुतेक वेळा पिवळी, तीन वाकड्या हातांची, जी रेकॉर्डच्या भोकातच दाबून बसवतात. भिंगरीचा फायदा असा की ती रेकॉर्डबरोबरच राहते. बसवताना रेकॉर्ड हातात धरून दाबू नका, वाकते आणि तडकते. टेबलावर मऊ फडकं पसरा, रेकॉर्ड सपाट ठेवा, भिंगरीची एक बाजू भोकाच्या कडेला टेकवा, मग उरलेल्या दोन बाजू दोन अंगठ्यांनी एकदम. टक् असा आवाज आला की बसली. बोट फिरवून बघा, लेबलच्या वर किंवा खाली कुठेही उंचवटा लागता कामा नये, नाहीतर रेकॉर्ड थाळीवर डुगडुगेल. पुन्हापुन्हा काढघाल केली की लेबलच्या कडेचा कागद सोलतो, म्हणून एकदा बसवली की राहू द्यावी. मला स्वतःला ठोकळाच आवडतो. त्रेसष्ट भिंगऱ्या कोण बसवणार?

ठोकळ्याच्या बाबतीत आणखी एक बघायचं, थाळीवरची रबरी चटई. काही चटयांना मध्यभागी लेबलपुरता खोलगट भाग असतो. चार मिलिमीटरचा ठोकळा त्यात बुडाला तर रेकॉर्डच्या भोकापर्यंत जेमतेम पोचतो आणि धरून ठेवत नाही. आधी खोली मोजा, वर निदान चार-पाच मिलिमीटर उरतील एवढी उंची घ्या. जास्त उंच असला तरी सुईला अडत नाही, ती लेबलच्या बाहेरच थांबते.

आज रात्रीच ऐकायचं असेल तर लग्नपत्रिका काढा. खरंच. आपल्याकडे हल्ली जाडजूड पत्रिका येतात आणि टाकवत नाहीत. माझा पहिला नीट चाललेला अ‍ॅडाप्टर भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेचा होता. कंपासमध्ये १९ मिलिमीटर घेऊन वर्तुळ काढा, आणि टोक न उचलता त्याच मध्यावर ३ मिलिमीटरचं दुसरं छोटं वर्तुळ. ऑफिसचं साधं पंच ६ मिलिमीटरचं भोक पाडतं. त्याची खालची डबी काढून पंच उलटं धरलं की छोटं वर्तुळ त्याच्या दाताखाली नेमकं आणता येतं. पंच केल्यावर भोकात साधी षट्कोनी पेन्सिल घालून हलके फिरवत राहा. पेन्सिल सात मिलिमीटरच्या आसपास असते, भोक गोल मोठं होत जातं, मध्येमध्ये खुंटीवर बसवून बघा. घट्ट बसायला हवं पण जोर लागता कामा नये. अशा चार-पाच चकत्या करून, पेन्सिलवर एकावर एक ओवून, फेव्हिकॉलने चिकटवा आणि वर जाड पुस्तक ठेवा. वाळल्यावर बाहेरची कड सँडपेपरवर फिरवत घासा, जोपर्यंत रेकॉर्ड अडखळत नाही पण सैलही होत नाही. जास्त घासलं गेलं तर कडेने सेलोटेपचा एक वेढा द्या. ऑनलाइन आलेल्या त्या लाडूलाही मी टेपचे वेढे देऊन ३८ वर आणलं होतं, पण टेपचा जोड एका बाजूला येतो आणि उन्हाळ्यात गोंद सुटतो, बोटं चिकट होतात.

कायमचा उपाय खराद, म्हणजे लेथ. पोलोग्राउंडच्या बाजूला ज्या खरादवाल्यांकडे आमच्या लॅबची कामं जायची, त्यांच्याकडेच गेले. कागदावर आकृती काढून नेली, आणि तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही सांगा. पहिली, आतलं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत करा. रॉड चकमधून काढून उलटा धरला की मध्य हलला. चांगला कारागीर हे सांगायच्या आधीच करतो, पण घाईत असला तर नाही. दुसरी, भोकासाठी ७.२ चा ड्रिल. खूप ठिकाणी सातचा आणि साडेसातचा असतो, मधला नसतो. सातचं भोक करून नंतर हलकं वाढवता येतं, साडेसातचं लहान करता येत नाही. तिसरी, वरची आणि खालची कड जराशी तासून द्या, म्हणजे रेकॉर्ड घालताना लेबल खरवडणार नाही.

पहिला ठोकळा मी नायलॉनचा करून घेतला. एप्रिलमध्ये ३८.१, अगदी मलईसारखा बसला. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड निघेना. मी आधी रेकॉर्डला दोष दिला, मग व्हर्नियर लावला तर ठोकळा ३८.३. नायलॉन हवेतली ओल पितं, हे मला, एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला, आठवायला हवं होतं. खरादवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, पहले ही बोलतीं, डेल्रिन में बना देते।" (डेल्रिन म्हणजे फारशी ओल न पिणारं प्लॅस्टिक.) मग अ‍ॅल्युमिनियमचाच केला, ३८.०, दहा मिलिमीटर उंच. दीडशे रुपये. पितळेचाही करून देतात, वजनदार आणि देखणा होतो, देव्हाऱ्यात शोभेल असा. आवाजात फरक पडतो म्हणणारे आहेत, मला ऐकू आला नाही.

भाच्याने थ्री-डी प्रिंटरवरही एक काढून आणला. मशीनवर ३८.० टाइप केलं होतं, आला ३७.८, आणि आतलं भोक लहान, खुंटीवर चढेना. तिसऱ्या प्रयत्नाला जमला. ज्यांच्याकडे प्रिंटर आहे त्यांनी आधी एक पातळ चकती काढून मोजावी, मग पूर्ण उंचीचा काढावा.

अ‍ॅडाप्टर बसला, आता वेग. रेकॉर्डवर ४५ लिहिलंय का ते वाचा. आपल्याकडच्या सगळ्याच सात इंची रेकॉर्ड ४५ च्या नाहीत, एचएमव्हीच्या सुपर सेव्हन ३३⅓ वर वाजतात आणि आकारावरून काही कळत नाही. बेल्टच्या टर्नटेबलमध्ये बटण नसेल तर थाळी उचलून बेल्ट मोटरच्या पुलीच्या जाड खाचेवर न्यावा लागतो. ऑटोमॅटिक असेल तर आकाराची कळ १७ वर (म्हणजे सेंटिमीटर) करा, नाहीतर आर्म बारा इंचाच्या जागी उतरतो आणि सुई थेट चटईवर. छोट्या रेकॉर्डचा खरा व्यास सातही नसतो, पावणेसातहून जरा जास्त, १७५ मिलिमीटरच्या आसपास.

वेगाच्या बाबतीत मी आठवडाभर चुकीच्या जागी शोधत होते. काकांचा प्लेयर ११० व्होल्टचा, म्हणून भाच्याने ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. अ‍ॅडाप्टर नीट, आर्म स्थिर, आणि तरी सगळे गायक जेवून झोपायला निघाल्यासारखे गात होते. मी अ‍ॅडाप्टर तीनदा बदलला. शेवटी थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला साडेसदतीस. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिकडे वीज ६० हर्ट्झची, इकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, आणि ही जुनी मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते. पंचेचाळीसचे पाच-षष्ठांश बरोबर साडेसदतीस. पेटीवर लावून बघितलं तर षड्ज जवळजवळ मंद्र धैवतावर जाऊन बसला होता. त्या मोटरला ५० हर्ट्झची पुली मिळाली तरच तो प्लेयर इथे चालेल. तोवर तो कपाटावर आणि रेकॉर्ड माझ्या टर्नटेबलवर.

इंटरनेटवरून वेग तपासायची रेघांची चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात) छापून घेणार असाल तर हेच लक्षात ठेवा. ४५ साठी अमेरिकन चकतीवर १६० रेघा असतात, आपल्याला १३३ च्या हव्यात, ३३⅓ साठी १८०. बल्बही पिवळा, तारेचा हवा. एलईडीखाली रेघा स्थिर दिसतीलच याची खात्री नाही. इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला निऑन चालतो, पण खोलीत पूर्ण अंधार करून अगदी जवळ धरावा लागतो. मला कपटा आणि घड्याळच बरं. तीन मिनिटांत १३५ फेऱ्या.

ठोकळा कुठे ठेवायचा? थाळीवर नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर एलपी टाकतं, ती वाकडी बसते आणि सुई घसरते. माझा जिरावनच्या (आमच्याकडच्या पोह्यांवरच्या मसाल्याच्या) रिकाम्या डबीत असतो, डबी घासून घेतली तरी पहिले काही दिवस ठोकळ्याला हिंगाचा वास येत होता.

एवढं सगळं करूनही त्रेसष्टातल्या तीन रेकॉर्ड झुलतातच. अ‍ॅडाप्टर अचूक, खुंटी सरळ, तरी आर्म आत-बाहेर. कारखान्यातच भोक मध्यावर पाडलेलं नाही. लहान भोकाच्या रेकॉर्डचं असं झालं तर भोक कोरण्याशिवाय इलाज नाही. इथे मात्र मोठं भोक कामाला येतं. ठोकळा काढून ठेवा. रेकॉर्ड नजरेच्या अंदाजाने मध्यावर ठेवा, रबरी चटई तिला धरून ठेवते. सुई लावा आणि आर्मचं टोक बघत राहा. ते जेव्हा सगळ्यात बाहेर जातं, त्या क्षणी रेकॉर्डची सुईजवळची कड कुठे आहे ते लेबलवरच्या एखाद्या अक्षरावरून लक्षात घ्या. सुई उचला, थाळी थांबवा, आणि ती कड बोटाने खुंटीच्या दिशेने ढकला. आर्म जेवढा झुलत होता त्याच्या निम्म्याने, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुई. दोन-तीन फेऱ्यांत आर्म शांत होतो.

त्यातल्या एका रेकॉर्डच्या पाकिटावर काकांनी पेन्सिलने इंग्रजीत काहीतरी लिहिलंय आणि त्याखाली मराठीत, "डावीकडे थोडी". आधी मला वाटलं फर्निचरबद्दल असेल.